किसनकाकांचा विलायती घास

किसनकाका गुरुवारी गेले. सकाळी घास कापला, भारा अंगणात टाकला, खाटेवर बसले आणि गेले. तोंडात घासाची काडी होती.

त्या काडीचं गावात कोणाला नवल वाटलं नाही. माझे हे काका घोडीचा चारा आधी स्वतः चावून बघत. डोळे मिटून, गवयासारखी मान हलवत बराच वेळ चावायचे आणि मग निकाल द्यायचे, "आज कवळा हाय. दे तिले." घोडी तोवर त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून वाट पाहायची.

घास म्हणजे लसूणघास. आमच्या गोंदियाकडच्या धानाच्या मुलखात तेव्हा त्याचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. कामठीच्या छावणीत गोऱ्यांचे घोडे असलं मऊ, हिरवं गवत खातात, असं काकांच्या कानावर आलं. त्यांच्या राधी घोडीचे दात गेले होते. धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, तिला चावेना. बरगड्या दिसू लागल्या होत्या. म्हातारं जनावर जंगलाकडे सोडून देण्याची आमच्याकडे रीतच.

भाऊबंद म्हणाले, "किसना, सोडून दे तिले. कायले तरास घेऊन राहिला?"

"मले घोडीचं काई नाई," काका म्हणाले. "मले इलायती गवत लावून पाहाचं हाय."

ते कामठीहून बी घेऊन आले. पण आमच्याकडे जे पिकतं ते चिखलात. काकांनी धानासारखेच रोपांसाठी घासाचे पऱ्हे टाकले आणि रोपं हातभर झाल्यावर, भर आषाढात, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कोंडून रोवण्याला बाया बोलावल्या.

"भाऊजी, हे कोणतं धान?" एकीनं विचारलं.

"धान नोहे. गवत हाय."

बाया कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "अवो, गवत आमी निंदून फेकतो. तुमी रोवून राहिले?"

"इलायती हाय. कायदा पाळा लागते. वहाणा काढा आधी."

चिखलात वहाणा घालून कोण उतरतं! बाया हसून हसून बांधीत बसल्या. आठवडाभरात सगळी रोपं कुजली. काकांनी उरलेलं बी मुठी भरून रागानं धुऱ्यावर भिरकावलं, आणि त्या उंच, कोरड्या बांधावर काकीच्या तुरीतून ते तरारून उगवलं.

कार्तिकात काकांनी सगळ्या धुऱ्यांवरची तूर उपटून घास पेरला.

"आता वरन कशाचं करू?" काकी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली. "तुमच्या इलायतीचं?"

काकांनी मनावर घेतलं. माझ्या वडिलांचे व्याही आले तेव्हा पानात लसूणघासाची भाजी पडली. व्याह्यांनी दोन घास खाल्ले आणि पाणी मागितलं. काका म्हणाले, "लाजू नका. पलटनीतले घोडे हेच खातेत." व्याही पुन्हा आमच्याकडे जेवायला थांबले नाहीत.

गावानं काकांना 'इलायती' म्हणायला सुरुवात केली. काका खूश. पाटलाचा बैल धुऱ्याजवळून जायला लागला की ते त्याला दरडावत, "नजर खाली!" कापणीनंतर घास पुन्हा फुटायचा, तसे काका पुन्हा कापायला निघायचे. राधीनं तो उन्हाळा काढला. पुढचाही काढला. बरगड्या बुजल्या.

काकांचे दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. मी गोंदियाला परत जाण्याआधी काकीजवळ बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकांना घोडीचा फार लळा होता."

"त्याइले?" काकी म्हणाली. "त्याइले घोड्याचं भेव वाटे. पयल्या साली जवळ जात नोहोते."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"राधी माह्या माहेरची. लगन होऊन आली तवा माह्या गाडीमागं चालत आली, शिंगरू होती. पोरंबाळं झाली नाईत, ते तुले माईतच हाय. मी एक डाव म्हटलं, तिले जंगलात सोडू नका. बस. गाव मले हासलं असतं, बाई घोडीले पोर समजते म्हनून. म्हनून हे गवताचं सोंग. मलेबी सांगतलं, तू लोकाइसमोर वरडत जा."

"आणि ते चारा चावून बघायचे ते?"

"तिले कडक लागू नये म्हनून." काकी उठली. "थांब जरा. भारा आनतो."

राधी अजून आहे. घास कापायला काकी जाते.