मूळ स्थितीतील गळती

जी वस्तू चालते ती माणूस वापरतो आणि जी चालत नाही ती जपतो, हा सुसंस्कृत समाजाचा पहिला नियम आहे. आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक साधी. ती कुठेही जाते, त्यामुळे तिच्यावर कायम धूळ असते. दुसरी वडिलांची, सत्तेचाळीस वर्षांची, गडद निळी. ती कुठेच जात नाही आणि तिला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसले जाते. हे काम माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, स्वतः करतो. (साधी गाडी कोण पुसते याची नोंद उपलब्ध नाही.)

निळ्या गाडीच्या इंजिनातून कूलंट, म्हणजे ते थंड ठेवणारे पाणी, गळते. रेडिएटरचा रबरी पाइप जिथे पाण्याच्या पंपाला मिळतो, त्या जोडावर दर चार सेकंदांनी एक थेंब जमतो, क्षणभर लोंबतो आणि खालच्या पातेल्यात पडतो. दिवसाला साधारण एक लिटर. दादा रोज तेवढेच वरून ओततो. पातेले पूर्वी वहिनीचे होते. गाडी चालवली तर नऊ किलोमीटरवर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि पुढचा प्रवास ढकलत करावा लागतो.

आईची धाकटी बहीण, आमची मावशी, चौतीस किलोमीटरवर राहते. तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी फार तर तीन महिने सांगितले होते. याच गाडीच्या मागच्या सीटवर दोघी बहिणी तरुणपणी गावोगाव हिंडल्या, तेव्हा दिसतेय तोवर ती गाडी एकदा आपल्या दारात उभी पाहावी, एवढेच तिचे मागणे होते. दादाने फोनवर शब्द दिला. आईने त्याच दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली. (नऊ भागिले चौतीस, म्हणजे दिलेला शब्द सव्वीस टक्के पाळता येण्याजोगा होता. आजच्या काळात हे प्रमाण वाईट नाही.)

मिस्त्रीला बोलावले. त्याने वाकून जोड बोटाने चाचपला.

"क्लिप सैल झालीये. आवळतो. दहा मिनिटं."

"एवढंच?" दादाने विचारले. त्याचा चेहरा पडला होता.

"एवढंच. पाइप सवडीने बदला. पण आत्ता आवळली तर जाऊन याल आरामात."

दादाने त्याला चहा पाजला आणि क्लिपला हात न लावू देता परत पाठवले. कारण आमची गाडी जुन्या गाड्यांच्या मालकांच्या मंडळात नोंदलेली आहे, आणि तिच्या मूळ स्थितीत बदल करायचा तर मंडळाची लेखी परवानगी लागते. मंडळाविषयी मला नितांत आदर आहे. त्याचे एकशे बारा सदस्य असून त्यांच्याकडे एकशे चाळीस गाड्या आहेत. मासिक बैठकीला सर्व सदस्य वेळेवर येतात. (बसने.)

मंडळाने तीन जणांची गळती उपसमिती नेमली. माझे अक्षर बरे असल्याने मी सचिव झालो. उपसमितीपुढे तीन प्रश्न होते: गळती आहे काय, असल्यास कशाची, आणि केव्हापासून. पहिल्या प्रश्नाला पाच आठवडे लागले, कारण पाहुणे येणार म्हणून वहिनीने नेमके पाहणीच्या दिवशी पातेले घासून ठेवले होते आणि पुरावा उरला नव्हता. दुसऱ्या प्रश्नासाठी द्रव तीन बाटल्यांत भरून तीन सदस्यांच्या घरी अभ्यासाला गेला. एक बाटली परत आली.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र दादाने बाजी मारली. वडील गाडीची वही ठेवत. तिच्यात गाडी घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातची नोंद होती: 'पंपाच्या जोडापाशी पाणी झिरपते.' उपसमितीचे अध्यक्ष दस्तऐवज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली आणि चष्मा पुसला. नियम चौदा स्पष्ट होता. पंचवीस वर्षांहून जुने जे जे गाडीत आढळेल ते मूळ समजावे. सीटची कव्हरे बारा वर्षांची, टायर सहा, बॅटरी दोन. गळती पंचेचाळीस वर्षांची. म्हणजे गाडीतला सगळ्यात अस्सल भाग तोच.

बातमी पसरली. सदस्य गळती पाहायला येऊ लागले. एक वयस्कर सदस्य पातेल्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमचीही होती हो. अज्ञानापोटी बंद केली." दादाने त्यांना खुर्ची दिली. रविवारी अंतिम तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळणार हे नक्की झाले. वहिनीने पातेले परत मागितले, पण तोवर ते 'संलग्न वस्तू' म्हणून नोंदले गेले होते.

शनिवारी सकाळी आई गाडीपाशी आली. तीन महिने संपत आले होते. तिने वही हातात घेतली.

"पान उलटायचं राहिलं तुमचं," ती म्हणाली.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहिले होते: 'क्लिप आवळली. ठीक.' पुढे दर दोन महिन्यांनी तेच. ओळीने वीस वर्षे.

"मी टॉर्च धरायचे," आई म्हणाली. मग शिलाई मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर आणून तिने क्लिपला दीड फेरा दिला. लोंबणारा थेंब पदराने पुसला. दुसरा आला नाही. आम्ही दहा मिनिटे वाट पाहिली, तरी आला नाही. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"चला. पिशवी भरलेलीच आहे."

"आई, उद्या तपासणी आहे," दादा म्हणाला. "एकच दिवस थांब. सोमवारी नक्की जाऊ."

आई घरात गेल्यावर दादाने क्लिप दीड फेरा सैल केली. इतिवृत्तात मी 'गळती यशस्वीरीत्या पूर्ववत' असे लिहिले. टॉर्चही मीच धरला होता. रविवारी प्रमाणपत्र मिळाले आणि मूळ स्थिती अबाधित राहावी म्हणून अध्यक्षांनी क्लिपवर पाच वर्षांसाठी शिशाचे सील ठोकले.

सोमवारी आई बसने गेली. साध्या गाडीतून सोडतो म्हटले तर ऐकले नाही. मावशीला तोवर उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. तिने पहिले विचारले, "गाडी आणलीस?" दारात शेजाऱ्यांची गाडी उभी होती. आईने मावशीचा हात धरून तिच्या बॉनेटवर ठेवला.

"गार आहे की," मावशी म्हणाली. "वाटेत तापली नाही?"

"नाही," आई म्हणाली. "क्लिप आवळली होती."

प्रमाणपत्र आम्ही बैठकीच्या खोलीत लावले आहे. वाचकांनी जरूर पाहायला यावे. हे वाचताना तुम्हाला मधूनच थेंब पडल्याचा आवाज आला असेल, तर एक खुलासा करतो. आमची गाडी तुमच्यापासून फार दूर आहे, तिचा आवाज तिथवर येत नाही. तुमचे पातेले कुठे ठेवले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. दाराशी पिशवी कोणाची आहे, तेही.