वीस कोऱ्या पाठी

तयारी करावी तर या गुरित्नोनं, म्हणजे मीच! सहा वर्षं रखडलेली माझी डॉक्टरेट या आठवड्यात तडीला जाणार, अशी मी घरीदारी दवंडीच पिटली होती. विषय साधा. म्हातारपणी कातडीखालचं रक्त किती संथ वाहतं? त्यासाठी साठीपुढच्या वीस धडधाकट माणसांच्या पाठी एका यंत्राच्या प्रकाशाखाली धरायच्या. यंत्र सिंगापूरहून उसनं आणलेलं, शुक्रवारी संध्याकाळी परत जाणार. मला दोनदा मुदतवाढ मिळून झाली होती. हा शुक्रवार हुकला की विद्यापीठातून नाव कटाप!

सूचनांचा कागद मीच लिहिला. कॉफी नको, सिगारेट नको, झणझणीत सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, नको. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'येताना तब्येत ठणठणीत असावी.'

बुधवारी आमच्या गल्लीतल्या सुमार्नीकाकू वीस जणांना घेऊन वेळेआधी हजर! मी खुशीत पहिल्या आजोबांना सदरा काढायला सांगितला आणि बघतो तर काय! पाठ कसली, लाल पट्ट्यांची सतरंजी! दुसऱ्यांची तीच गत. तिसऱ्या आजींचीही तीच!

"काकू, हे काय केलंत?"

"नाण्यानं घासलं! तूच लिहिलंयस ना, तब्येत ठणठणीत हवी म्हणून? काल दुपारभर बाम लावून एकेकाच्या अंगातला वारा काढला. हात मोडून आला माझा!"

सर्दी असो की डोकेदुखी, आमच्याकडे घरोघरी हाच उपाय: पाठीवर लाल पट्टे उठले की अंगात शिरलेला वारा निघाला म्हणायचं.

"अहो, रक्त सगळं वर आलंय! आता आठवडाभर काही मोजता यायचं नाही!"

"मग झालं की सोपं! रक्तच बघायचंय ना तुला? आयतं वर आणून दिलं!"

मला रडू येत होतं, पण रडायलाही सवड नव्हती. मी तडक नदीपलीकडच्या वस्तीत गेलो. हातापाया पडून वीस नवी माणसं गोळा केली, एकेकाची पाठ डोळ्यांनी तपासली आणि प्रत्येकाला शपथ घ्यायला लावली. शुक्रवारी दुपारी त्यांना प्रयोगशाळेच्या थंडगार खोलीत उघड्या पाठीनं बसवलं. अर्धा तास असं बसलं की रक्त स्थिरावतं. मी यंत्र जुळवायला आत गेलो.

बाहेर आलो तर बामाचा भपकारा! वीसही जण रांगेत एकामागे एक बसलेले, आणि जो तो पुढच्याची पाठ नाण्यानं घासतोय! शेवटच्या आजोबांच्या मागे कोण? सुमार्नीकाकू! परवाची चूक भरून काढायला सगळ्यांसाठी आल्याचा गरम काढा घेऊन आल्या होत्या म्हणे.

"बाळा, एक आजोबा शिंकले रे! म्हाताऱ्यांना असं गारठ्यात उघडं बसवतात का? कुणाला काही झालं असतं तर तुझंच नाव खराब!"

"आजोबा, तुम्ही शपथ घेतली होतीत!" मी किंचाळलो.

"ती घरी न घासण्याची," आजोबा डोळे मिटूनच म्हणाले. "हे काय घर आहे? जरा डावीकडे घ्या हो, काकू."

मी धावत रेत्नो मॅडमकडे गेलो. त्या माझ्या मार्गदर्शक, रक्ताभिसरणातलं बडं प्रस्थ.

"मॅडम, सगळं संपलं! या अडाणी समजुतींपुढे विज्ञान काय करणार?"

त्यांनी कागदातून मान वर केली. कॉलरच्या वर, कानामागे, दोन ठसठशीत लाल पट्टे!

"काल डोकं धरलं होतं माझं," त्या थंडपणे म्हणाल्या. "हं, बोल. अडाणी कोण?"

"मग... मग नाण्याच्या घासण्यावरच प्रबंध लिहू का, मॅडम?"

"लिही की! घासण्याआधीची मोजणी कुठाय?"

ती कुठून असणार! पाच वाजता यंत्र खोक्यात गेलं आणि त्याच्याबरोबर माझी सहा वर्षंही.

घरी येऊन पालथा पडलो. अंग फणफणलं होतं, डोळे वाहत होते. आईनं सदरा वर सारला, बाम थापला आणि नाणं चालवायला लागली.

"रक्त कसं फिरतं तेच शोधत होतास ना रे तू इतकी वर्षं?" चौथ्या पट्ट्याला ती म्हणाली. "बघ, कसं भरभर फिरतंय!"

मी उशीत तोंड खुपसलं. तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. बरं वाटत होतं हो!