येसबा गुरव यांनी जीभ आवरली त्याची हकीकत

श्री. ज्यास कोपरा नाही आणि ज्यास विसावा नाही त्या चेंडूस प्रथम वंदन, मग ज्या काळ्या मातीने त्यास लेकराप्रमाणे अंगावर खेळविले तिला वंदन, मग पंचाच्या शिट्टीस, कारण तिजवाचून आरंभ नाही आणि शेवटही नाही. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघ मासी, नदीकाठच्या एका राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाचे नाही. लोक त्यास कॉलेज म्हणत. गादीवर प्राचार्यमहाराज, रयत तीन हजार, चहू बाजूंस उसाचे रान, आणि फुटबॉल हा राजधर्म. मैदानाच्या पश्चिमेस दगडी पायऱ्या होत्या, तेथे सामना सुटल्यावर रयतेचा दरबार भरे. दरबाराचा दंडक ऐसा की तीन गोष्टींचा निवाडा झाल्याविना कोणी घरी जावयाचे नाही: मधल्या गड्याचा पाय कैसा चालला, पंचाची शिट्टी कैशी वाजली, आणि कर्ण्यावरचे वर्णन कैसे जाहले. ज्यास बोलावयाचे त्याने सर्वांत खालच्या पायरीवर उतरून, दरबाराकडे तोंड करून बोलावे. पायावरून भांडणे होत, शिट्टीवरून चपला उगारल्या जात, परंतु वर्णनाचा निवाडा आला म्हणजे सारे मऊ होत आणि म्हणत, "येसबा तो येसबाच."

हे येसबा गुरव रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई. सव्वीस वर्षे काचेच्या नळ्या धुतल्या आणि सव्वीस वर्षे सामन्याचे धावते वर्णन केले. मातोश्री जात्यावर ओव्या गात, ती लय त्यांच्या जिभेवर बसली होती. माईक हाती घेतला की मैदानाच्या चार कर्ण्यांतून आणि कॉलेजच्या रेडिओवरून पाच कोस मुलुखात त्यांचा आवाज जाई, आणि गोठ्यात धार काढणारी बाईदेखील हात थांबवून ऐके. त्यांचा नेम एकच, की जे मैदानी आहे ते बोलावे, जे नाही ते बोलू नये. आणि त्यांचा अभिमान एक, की चेंडू पायातून सुटण्याआधी तो कोठे जाणार हे येसबांस कळे. विशेषेकरून समीर मुजावर याचे. हा समीर त्या राज्याचा मधला गडी. सारा खेळ त्याच्या पायातून फुटे, त्याने चेंडू द्यावा आणि पुढच्यांनी धावावे. तीन वर्षे तो पहाटे एकटाच मैदानी सराव करी आणि येसबा प्रयोगशाळेची खिडकी उघडून पाहत राहत. कोणता खांदा लवला म्हणजे चेंडू कोणीकडे जाणार हे त्यांस समीराच्या आईहून अधिक ठाऊक. म्हणोन ते माईकवर गात:

मान वळविली उजवी, पाय बोलतो हा डावा,
सांगतो मी, मंडळी हो, आता डावीकडे धावा!

आणि चेंडू खरोखर डावीकडेच जाई, आणि रयत टाळ्या पिटी, आणि येसबांस गगन ठेंगणे होई.

परंतु त्या वर्षी ग्रह फिरले. समीराने चेंडू द्यावा आणि शत्रूने तो मध्येच अडवावा ऐसे होऊ लागले. दोन सामने बरोबरीत सुटले, गोलकीपराच्या पराक्रमाने पेनल्टीवर तगले, आणि राज्य अंतिम सामन्यास पोहोचले खरे, परंतु जिंकल्याचा आनंद कोणास नव्हता. मग पायऱ्यांवर मोठी मसलत बसली. दौलू सुतार हे जुने गोलकीपर, वर्कशॉपात मास्तर, त्यांचा पंचांशी जन्माचा दावा. ते खाली उतरोन बोलिले, "पोराला का बोल लावताय? त्याला तीनदा पाडलं. पंच काय करत होता? ढगं मोजत होता!" तो एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "मास्तर, पाडल्यावर जातो तो चेंडू निराळा. ह्याचा उभ्या उभ्या जातोय. समीर आता सरला." तैसे शेवंताक्का, ज्यांच्या कँटीनच्या भज्यांवर साऱ्या संघाचे पिंड पोसले होते, त्या पदर खोचून खाली आल्या आणि बोलिल्या, "सरला म्हणं! तुझी दोन पानं पाठ हुईनात तीन वर्सं झाली, तुला कुणी सरला म्हटलं का रं?" पायऱ्यांवर मोठा हशा जाहला. परंतु संघाचे सरनोबत घोरपडे सर हसले नाहीत. त्यांनी हुकूम सांगितला की, "फायनलमधी ह्याचे पास तुटाय लागले तर मी त्याला बाहेर काढणार. त्याचं शेवटचं वर्ष आहे, मला ठाऊक आहे. पण संघ माझ्या गळ्यात आहे." आणि कोणी एक म्हणाला की वर्णन मात्र झकास, आणि सर्व म्हणाले झकास, आणि येसबांनी मान लवविली, परंतु त्या दिवशी ते कौतुक त्यांस गोड लागले नाही.

दुसरे दिवशी दोन प्रहरी येसबा कँटीनात चहा घेत होते, तो उपान्त्य सामन्यात हरलेल्या संघाचा बचावाचा गडी बाजी पसारे परीक्षेच्या कामानिमित्त तेथे आला. धिप्पाड गडी, दारात वाकूनच शिरला. येसबांस पाहताच त्याने येऊन त्यांचे पाय धरिले. येसबा म्हणाले, "आरं, हरलास तू, आणि पाया माझ्या कशाला पडतोस?" बाजी म्हणाला, "मामा, हरलो ते पेनल्टीवर. नव्वद मिनिटं तुमच्या कृपेनं तगलो. तुम्ही आमचे बारावे गडी." येसबांस उमज पडेना. तेव्हा तो आपल्या भोळेपणी सर्व सांगून मोकळा जाहला: "आमचं सर म्हणालं, समीरकडं बघूच नका, डोळं फसतात. कर्ण्याकडं कान द्या. मामा डावीकडं म्हटलं की डावीकडं सरकायचं. झालं! सगळ्या संघांस्नी ठावं हाय की. नदीपल्याडच्यांनी तर तुमच्या प्राचार्यांस्नी पत्र दिलंय, फायनलला आमच्या बाजूला एक कर्णा जास्तीचा लावा, आमच्या लोकांस्नी मामांचं बोलणं नीट ऐकू येत न्हाई म्हणून." आणि हे पत्र खरे होते. प्राचार्यमहाराजांनी ते मोठ्या भूषणाने सूचनाफलकी लाविले होते, आणि येसबांनी स्वतः त्याखाली उभे राहून फोटो काढविला होता.

येसबांच्या हातातला चहा निवाला. सव्वीस वर्षांचा आवाज, ज्यावर त्यांनी घर बांधावे तैसा अभिमान बांधिला, तोच शत्रूचा हेर निघाला. ते उठोन मैदानी गेले. समीर एकटा भिंतीवर चेंडू मारीत होता. येसबा म्हणाले, "पोरा, तुझे पास मी तोडले." आणि सर्व सांगितले. समीराने चेंडू पायाखाली धरिला आणि खाली पाहून म्हणाला, "मला ठाऊक हाय, मामा. दुसऱ्या सामन्यापास्नं." येसबा संतापले, "मग बोलला का न्हाईस? शिव्या खात बसलास पायऱ्यांवरच्या?" तेव्हा तो म्हणाला, "आई गावाकडं रेडिओ लावून बसती. तिला फुटबॉलमधलं काय कळत न्हाई. चेंडू तिला दिसत न्हाई, तुमचं बोलणं दिसतं. 'समीरचा खांदा लवला' म्हणता न्हवं, तर ती आपला खांदा लववती, म्हणं. तुम्ही गप बसला असता, तर तिनं काय बघितलं असतं?" मग येसबा पोराच्या डोक्यावर हात ठेवून परतले.

त्याच सांजेस ते दरबारी आले आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहिले. वर्णन करणाराने तेथे उभे राहण्याचा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. त्यांनी आपला दोष आपल्या तोंडे सांगितला, आणि पायऱ्यांवर ऐसा कल्लोळ उठला की झाडावरचे बगळे उडाले. एक म्हणे माईक काढून घ्या, दुसरा म्हणे रेडिओच बंद करा. मग दौलू मास्तर हसतच खाली उतरले आणि म्हणाले, "आरं, हे तर सोनं गावलंय! येसबा, फायनलला तू उलटं बोल. त्यानं उजवीकडं द्यायचं, तू डावीकडं म्हण. पळूदे लेकाच्यांस्नी भलतीकडं!" सर्वांस ही युक्ती फार आवडली. येसबा म्हणाले, "न्हाई." दौलू म्हणाले, "का न्हाई? शत्रूशी खोटं बोललं तर पाप लागत न्हाई." येसबा म्हणाले, "मास्तर, शत्रू अकरा. पाच कोसांत किती माणसं कान टाकून बसल्यात? त्यांनी माझ्या डोळ्यांनी बघायचं आणि मी त्यांस्नी खोटं मैदान दाखवायचं? ते माझ्यानं व्हायचं न्हाई. मी एक श्वास मागनं बोलीन. चेंडू सुटला की मग सांगीन." शेवंताक्का म्हणाल्या, "जमंल का, दादा? तुमची जीभ म्हंजे वासरू, गाईच्या म्होरं पळतंय." येसबा म्हणाले, "बघूया." आणि सत्य लिहायचे तर जमत नव्हते. पुढील आठ दिवस ते सरावासमयी ओठ दाबून उभे राहत, आणि समीराचा खांदा लवताच शब्द आपोआप निसटे.

मग अंतिम सामन्याचा दिवस उगवला. नदीपलीकडले राज्य झेंडे घेऊन पूल उतरले, आणि त्यांच्या बाजूस पाचवा कर्णा लागला. पूर्वार्धात येसबांनी जीभ दातांखाली धरिली तरी दोन वेळ ती सुटली, आणि दोन्ही वेळ समीराचा चेंडू तुटला, आणि घोरपडे सरांनी घड्याळ पाहिले. एक गोल तिकडे जाहला, एक इकडे कॉर्नरवरून जाहला. उत्तरार्धात आपल्या गड्याने पुन्हा चेंडू जाळ्यात घातला, तो पंचाने शिट्टी दिली, म्हणे ऑफसाईड, गडी चेंडूच्या आधीच पुढे पळाला होता. दौलू मास्तर पायऱ्यांवरून गरजले, "डोळं घरी इसरून आलास व्हय रं!" आणि तीन हजार रयतेने तेच आरंभिले. सर्वांची नजर कर्ण्याकडे गेली, की आता येसबा पंचास सोलून काढणार. येसबांनी पाहिले होते ते बोलिले, "गडी पुढं होता, मंडळी. एक पाऊल, पण होता. पंच बरोबर हायेत." पायऱ्यांवरून त्यांस शिव्या आल्या. त्यांनी त्या घेतल्या.

शेवटची तीन मिनिटे राहिली. घोरपडे सरांनी बदलीचा गडी रेषेवर उभा केला. चेंडू बाहेर गेला की समीर बाहेर येणार, आणि त्याचे ते मैदान सुटले ते सुटले. समीराने तो गडी पाहिला. येसबांनीही पाहिला. इतक्यात चेंडू समीराच्या पायी आला, समोर शत्रूचे तिघे, आणि तिघांच्या माना किंचित कर्ण्याकडे कललेल्या. समीराचा डावा खांदा लवला. येसबांस सारे दिसले: उजवीकडे दोघांच्या मधली ती फट, आणि तिथवर पोहोचणारा आपला गडी. शब्द जिभेच्या टोकावर आला, सव्वीस वर्षांच्या सवयीने आला, आणि त्यांनी माईक ओठांपासून ओढून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरिला. तेव्हा पाचही कर्ण्यांतून शब्द आला नाही, म्हाताऱ्या काळजाचा ठोका तेवढा आला, धड धड, धड धड, मैदानभर आणि पाच कोस मुलुखभर. शत्रूचे तिघे ती वाणी ऐकावयास थांबले. पापणी लवावी इतकेच थांबले. तेवढ्यात चेंडू त्यांच्या मधून उजवीकडे गेला, आणि आपल्या गड्याने धावत येऊन तो जाळ्यात मारिला, आणि पंचाने हात मध्यरेषेकडे दाखविला, म्हणजे गोल मान्य.

मग जे जाहले ते लिहिण्यास दौत अपुरी. टोप्या उडाल्या, शेवंताक्का दौलू मास्तरांच्या पाठीत बुक्क्या घालू लागल्या, घोरपडे सरांनी बदलीच्या गड्यास मिठी मारिली. येसबांनी घोटभर पाणी पिऊन माईक तोंडाशी नेला. मग त्यांनी चेंडू समीराच्या पायी आला तेथपासून सारे वर्णन मागून सांगितले, खांदा कैसा लवला, फट कैशी उघडली, काही गाळले नाही. सामना दोन विरुद्ध एक असा जिंकिला. समीर मैदानातच फोनवर आईशी बोलला आणि धावत येऊन फोन येसबांच्या कानी लाविला. त्याची आई हसीनाबी म्हणत होत्या, "भाऊ, आधी ते काय वाजत हुतं? मी म्हटलं, ही माझीच छाती हाय का काय. मग कळलं, न्हाई, रेडिओ हाय." येसबा म्हणाले, "ते खरंच हुतं, बहिणी. जे मैदानात हुतं तेच पाठवलं."

एकूण वृत्तांत हा. पायऱ्यांवर त्या सांजेस दरबार नेहमीप्रमाणे बसला. समीराच्या पायावर कोणी बोट ठेविले नाही. शिट्टीवरून दौलू मास्तर एकटे अडून राहिले, की गडी मुळी ऑफसाईड नव्हताच, आणि ते आजतागायत तैसेच अडले आहेत. वर्णनाचा निवाडा आला तेव्हा कोणी झकास म्हणाले नाही. सारी रयत उठोन उभी राहिली आणि क्षणभर सर्वांनी मुकाट्याने आपला हात आपल्या छातीशी धरिला. लिहिणाराने ते आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणोन लिहिले. लेखनसीमा.