सिस्टरबाईंनी सोडवलेली दिवड

सिस्टरबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. ओळख ना पाळख. मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि सकाळी छत्री तलावाच्या काठाने गुणगुणत चाललो होतो. समोर सत्तरीची बाई. सुती पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण.

"गानं घरी म्हना," त्या कुजबुजल्या. "तिचे दिवस भरले हायेत."

ती म्हणजे चार हातांवर खड्यांत अंड्यांवर बसलेली टिटवी.

मागून कळलं, बाई आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून एकट्या राहतात. लग्न केलं नाही. नर्स म्हणून सगळी नोकरी भातकुलीकडच्या गावांत बाळंतपणं करण्यात गेली. त्यामुळे तळ्यावरचा प्रत्येक पक्षी त्यांना पेशंट वाटे. पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याला ताप असे, टिबुकलीच्या अंगावर मांस नसे. एकदा त्यांनी वाटेवरची कसलीशी विष्ठा बोटांनी फोडून, आतली खेकड्याची कवचं मला दाखवली आणि त्याच हाताने पिशवीतला पेरू पुढे केला. मी खाल्ला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मात्र मी खरा हादरलो. काठापासून जरा आत, पाण्यातल्या गवतात कोणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं होतं आणि त्यात काहीतरी तडफडत होतं. बाईंनी दुर्बीण लावली. "दिवड हाय," म्हणाल्या. पाण्यातला साप. मी तीन पावलं मागे सरलो. बाईंनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली, बूट माझ्या हातात दिले, पदर खोचला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरल्या.

पिशवीत त्या नाळ कापायची जुनी कात्री ठेवत. तिने त्यांनी एकेक धागा कापायला घेतला. शेवटचा धागा उरला आणि सापाने त्यांच्या डाव्या हाताला कडकडून चावा घेतला. बाईंनी हात काढला नाही. "थांब माय, झालंच आता," असं त्या सापाला म्हणाल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. धागा तुटला, साप सुळकन गेला आणि बाई रक्ताळलेला हात घेऊन बाहेर आल्या.

मी ओरडायला लागलो.

"बिनविषारी हाय. बोंबलून काहून राहिले तुमी?"

पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. ओल्या पातळासकट ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. वाटभर त्या मला भित्रा म्हणत होत्या.

तिथे डॉक्टर येईपर्यंत बाईंना खाटेवर निजवलं आणि मला दुसरा धक्का बसला. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नर्स आली आणि बाईंनी डोळे गच्च मिटून माझं मनगट पकडलं. हजारोंना सुया टोचलेली ही बाई सुईला भ्यायली होती. नखं रुतली मला. सुई निघाल्यावरही मनगट लगेच सुटलं नाही. मग भिंतीकडे तोंड करून त्या हळूच बोलल्या, "जिंदगीभर लोकाईच्या उशाशी बसली मी. इकडून कसं वाटते, मालूमच नव्हतं."

मी स्टूल जरा पुढे ओढलं. मग त्यांनी गावोगावच्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तळ्यावर तर त्या चार शब्दांत काम उरकत.

दुपारी तरुण डॉक्टर आले. हात पाहिला, साप खरंच बिनविषारी असावा म्हणाले, आता घरी जा. मी बूट घेऊन उभा राहिलो.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"हाताले मुंग्या येऊन राहिल्या, डॉक्टर. संध्याकाळलोक इथंच राहू द्या मले."

आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

डॉक्टर पट्टी बांधलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. ते काही विचारणार, एवढ्यात मी बूट खाटेखाली ठेवले आणि परत स्टुलावर बसलो.