डेअरीचं घड्याळ पुढं पळतंय

"माझी नजर म्हणजे क्ष-किरण. माझा मेंदू म्हणजे रसवंतीचा चरक. कसलीही माहिती आत घाला, रस पुढून निघतो आणि चोथा मागून. पाथर्डी तालुक्यात माझ्या तोडीचा शोधक झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर तो माझ्या नजरेतून सुटणार नाही."

हे वर्णन माझ्या यजमानांचं, म्हणजे अजिनाथरावांचं आहे. केलंयही त्यांनीच. मी रश्मी, त्यांची पत्नी आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची सहायक. ते विचार करू लागले की चहा करायचा, आणि विचार करून झाला की लोकांची माफी मागून यायची, एवढंच सहायकाचं काम असतं.

तिसगावच्या थोडं अलीकडं आमचं गाव आहे. तिथं ह्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर पंपाच्या चित्राखाली लिहिलंय, 'खासगी तपास. चोरी, संशय, हरवलेल्या वस्तू. शेळ्यांच्या केसेस घेतल्या जाणार नाहीत.' शेळ्यांवर एवढा राग असण्याचं कारण म्हणजे त्यांची पहिली केस. हरवलेल्या शेळीसाठी ह्यांनी तीन गावं पालथी घातली, आणि शेळी सगळा वेळ आमच्याच दुकानामागं मका खात होती. ती सापडली ती तिच्या मालकाला, आणि तो म्हणाला, "हिची तब्येत सुधारली की!"

तर आता घड्याळाची केस.

गावच्या दूध डेअरीत मी कॉम्प्युटरवर बसते. दूध काट्यावर चढलं, फॅट लागली, की आकडा मी भरते. ही खुर्ची मला मनापासून आवडते. गावात मला सगळे अजिनाथची बायको म्हणतात. डेअरीच्या खिडकीत मात्र माणसं 'मॅडम' म्हणतात आणि रांगेत उभी राहतात.

सकाळी साडेआठला काटा बंद होतो, कारण मग टँकर येतो. पण रोज शेवटच्या माणसाचं भांडण ठरलेलं. एकाच्या मोबाईलमध्ये साडेआठ वाजलेले असायचे, दुसऱ्याच्यात वाजायचे बाकी असायचे. म्हणून चेअरमन गोरक्षशेठ म्हणाले, "रश्मीताई, स्क्रीनवर मोठं घड्याळ लावा. खिडकीतनं सगळ्यांना दिसंल असं. मग कुनाची कटकट नको."

मी एक फुकटचं घड्याळ उतरवून घेतलं. त्यात इतक्या सोयी होत्या की नुसती वेळ बघायची सोय शोधायला अर्धा दिवस गेला. आकड्यांचा रंग कोणता ठेवायचा यावर संचालकांची बैठक झाली. कुठलाही रंग घेतला तरी तो कुठल्या ना कुठल्या पक्षाचा निघे. शेवटी तपकिरी ठरला, त्या रंगाचा पक्ष अजून निघायचाय. स्क्रीनवर घड्याळ कायम बाकी सगळ्याच्या वर राहील अशी सेटिंगमध्ये खूण केली, तर ते फॅटच्या आकड्यावर जाऊन बसलं. तिथून उचललं आणि खालच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं स्वतःचं बारकं घड्याळ असतं, बरोबर त्याच्यावर बसवलं. दर तासाला टोल पडावा ही चेअरमनांची हौस होती. टोलांच्या यादीत कोंबडा होता, तो त्यांना पसंत पडला. पहिल्यांदा कोंबडा आरवला तेव्हा सहादूतात्यांच्या हातातली किटली कलंडली. तात्या आमच्याकडं माप आणि फॅट बघतात. कोंबडा त्याच दिवशी बंद झाला.

सेटिंगमध्ये सगळ्यात खाली दोन बटणं होती, 'वेळ पुढे' आणि 'वेळ मागे'. त्यांना मी हात लावला नाही. वेळ बरोबरच होती.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी रोज दूध घालणाऱ्या सुमनबाई किटली घेऊन आल्या, तर स्क्रीनवर साडेआठ होऊन गेले होते.

"काटा बंद," चेअरमन म्हणाले.

"बंद? आवो, आत्ता तर आठची यष्टी गेली!"

"घड्याळ काय म्हनतंय बघा. घड्याळ म्हंजे घड्याळ."

"मग ह्या दुधाचं करू काय? आंघोळ करू का त्यात?"

मी मोबाईल बघितला. स्क्रीनवरचं घड्याळ चांगलं अर्धा तास पुढं होतं! संध्याकाळी निघताना मी ते बरोबर केलं. सकाळी येऊन बघते तर पुन्हा अर्धा तास पुढं. लगेच दुरुस्त करायला गेले, तर चेअरमन म्हणाले, काटा चालू असताना घड्याळाला हात लावायचा नाही, लोकांना संशय येतो. पुन्हा संध्याकाळी बरोबर केलं, पुन्हा सकाळी पुढं. सुमनबाईंचं दूध दोनदा परत गेलं. तिसऱ्या दिवशी त्या किटली आपटून म्हणाल्या, "माझ्या गायीला काय घड्याळ बांधू का?"

चेअरमननी मला आत बोलावलं.

"रश्मीताई, घड्याळ थोडं पुढं असतं तर मी समजू शकलो असतो. पर अर्धा तास? ह्यो कट हाय. आन् डेअरी लवकर बंद झाली तर लवकर घरी कोन जातं? तुमी. कॉम्प्युटर कुनाला येतो? तुमाला. रविवारी बैठक हाय. तवर उलगडा झाला न्हाई, तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागंल."

घरी येऊन रडत रडत ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला पंपाचा नोझल खाली ठेवला, छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "अखेर माझ्या लायकीची केस आली."

तेव्हा मला खरं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी हे डेअरीत हजर झाले. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात पंपाचा पट्टा. पट्टा कशाला, हे मी विचारलं नाही. सहायकानं विचारायचं नसतं. आधी त्यांनी बोटांचे ठसे घेतले. ठशांची पावडर नव्हती म्हणून पेंडीचा बारीक भुगा माउसवर भुरभुरला. माउस उलटा करून, सुलटा करून, हुंगून निष्कर्ष काढला, "ह्या माउसला गुरं बांधतात त्या ठिकाणचा वास येतोय. गुन्हेगार गोठ्यातला आहे."

"अहो, पेंड तुम्हीच टाकलीत."

"गुन्हेगाराला हेच म्हणायचं असणार," हे म्हणाले आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग सहादूतात्यांची उलटतपासणी झाली.

"पहाटे कुठं होता?"

"हितंच. डेअरी मीच उघडतो की."

"साक्षीदार?"

"म्हशी हायेत धा-पंधरा."

"घड्याळाबद्दल मत काय?"

"थोडं पुढं असाया पायजे, पर इतकं न्हाई," तात्या म्हणाले. ह्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण पुढचा प्रश्न त्यांना आधीच सुचला होता. तो तात्यांच्या चपलेच्या मापाबद्दल होता.

पहिला सिद्धांत व्हायरसचा निघाला. ह्यांनी कॉम्प्युटरभोवती लिंबू ओवाळलं आणि कडुनिंबाचा पाला ठेवला. त्यानं फक्त डास गेले. दुसऱ्या सिद्धांतात सोनईकडून येणारा टँकरवाला होता. त्याला लवकर सुटायचं असतं, म्हणून तो रिमोटनं घड्याळ पळवतो. हे टँकरमागं मोटारसायकलवर गेले आणि संध्याकाळी पेट्रोल संपल्यामुळं त्याच टँकरमध्ये बसून परत आले. टँकरवाल्यानं त्यांना भजी खाऊ घातली होती. "इतका प्रेमळ माणूस गुन्हेगार असूच शकत नाही," हे म्हणाले.

तिसरा सिद्धांत मात्र भव्य होता.

"रश्मी, घड्याळ पुढं गेलेलं नाही. पृथ्वीच मागं राहिलीय."

"काय?"

"हिवरे बाजारला पाणी किती अडवलंय बघ. इतकी वर्षं मुरतंय ते. जिल्ह्याची ती बाजू जड झाली. जड झाली की पृथ्वी हळू फिरणार. कॉम्प्युटर बिचारा जुन्या हिशेबानं चाललाय."

मी चहा टाकायला उठले. दुसरं काय करणार?

रविवारी बैठक भरली. डेअरीच्या ओट्यावर सगळे जमले. सुमनबाई रिकामी किटली घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. माझी खुर्ची आत दिसत होती, आणि उद्या तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं असेल या विचारानं मला तिच्याकडं बघवेना. हे उभे राहिले. गॉगल काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंडळी, शोधकाच्या धंद्यात नात्याला जागा नसते. घड्याळाला हात लावायला कॉम्प्युटर यावा लागतो. लवकर घरी जायची ओढ असावी लागते. आणि गुन्हेगार नेहमी ज्याच्यावर आपला विश्वास असतो तोच निघतो. जड अंतःकरणानं सांगतो, गुन्हेगार माझ्याच घरात आहे!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. संध्याकाळची भाकरी हे कुठं खाणार आहेत, एवढाच विचार माझ्या मनात आला.

तेवढ्यात सुमनबाई उठल्या.

"ए अजिनाथ, बस खाली. किती दिस झालं बघतीय, एकाला चपलंचं माप इचारतो, एकाला म्हशी इचारतो. मी सरळ इचारते." त्या लोकांकडं वळल्या. "घड्याळ कुनी कुनी पुढं केलं? हात वर करा."

चेअरमननी ताबडतोब हात वर केला. चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

"मी केलं. रोज संध्याकाळी रश्मीताई कॅन धुवाया गेल्या की चक्कर मारतो ना, तवा. धा मिन्टं. लोक वेळेवर यावंत म्हनून. घड्याळ पुढंच ठेवायचं असतं, आमच्या घरी आज्यापासून हाय. हितलं रोज बरोबर झालेलं दिसायचं. म्हनलं, बिघडलं वाटतं, परत पुढं करायचो."

"मीबी," सहादूतात्यांचा हात वर गेला. "सकाळी उघडलं की करतो. धाच. चेअरमन वेळेवर यावंत म्हनून."

"अरं, मग मला आधी सांगायचं!"

"तुमी इचारलं कुठं? अजिनाथनं बी न्हाई इचारलं."

सुमनबाईंनी बोटांवर मोजलं. "धा आन् धा ईस झालं. आजून धा कुनाचं?"

माझ्या शेजारी, गॉगलच्या उंचीपर्यंत, एक हात हळूहळू वर आला.

"संध्याकाळी तुला न्यायला येतो ना," हे मला पुटपुटत म्हणाले, "तू घड्याळ बरोबर करून मागं कॅन धुवायला जातेस. चेअरमन चक्कर मारून गेले की मी जरासं. दहाच. सकाळी तू लवकर सुटलीस तर नाष्टा वेळेवर..."

"पासवर्ड कुठून मिळाला?"

"स्क्रीनवरच चिकटवलाय. मी शोधून काढला."

ओटा असा हसला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी माना वर करून बघायला लागल्या. हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची माझी राहिली. चेअरमननी सुमनबाईंची माफी मागितली. ती माफी बाईंनी बसून नाही, उभं राहून मागायला लावली. मी त्याच दिवशी पासवर्ड बदलला, तो चिकटवला नाही, आणि घड्याळ बरोबर केलं. सोमवारी निम्मं गाव उशिरा आलं, कारण डेअरीच्या घड्याळातून मनातल्या मनात अर्धा तास वजा करायची सगळ्यांना सवय झाली होती. मंगळवारपासून येतात वेळेवर. सुमनबाई तर सगळ्यांच्या आधी येतात आणि कॉम्प्युटरवर खिडकीतून लक्ष ठेवतात.

ह्यांच्या दुकानाच्या पाटीवर शेळ्यांच्या शेजारी आता घड्याळंही आली आहेत. तरीही परवापासून एक तपास चालू आहे, घरचाच असल्यामुळं फी न घेता. आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ अचानक चांगलं तासभर मागं पडलंय, आणि त्यामुळं ह्यांचा नाष्टा रोज तासभर उशिरा होतो. सेल तपासून झाले. खिळ्यावरचे ठसे पेंड टाकून घेतले. हिवरे बाजारला जाऊन पाणी बघून यायचंही चाललंय. मी तिथंच चुलीशी उभी असते. 'घड्याळ कुणी मागं केलं' असं त्यांनी एकदा विचारलं, तर मी लगेच हात वर करीन. पण अजून विचारलेलं नाही.