वहीत न बसलेली बाई

गेरोल्ड बोझेनहार्टने चाकांची वही मिटली, तेव्हा हिवाळा संपत आला होता. आपल्या जुन्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारला सोळाऐवजी अठरा इंची रुंद चाकं कशी बसतील, याचा हिशेब त्याने चार महिने मिलिमीटरमध्ये केला होता. भरलेली टाकी, हत्यारांची पेटी, इतकंच काय, छत्रीचंही वजन त्यात धरलं होतं. रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बायकोला, आनेग्रेटला, त्याच गाडीतून बोडेनसी सरोवराच्या काठी न्यायचं त्याने कबूल केलं होतं.

हिशेबावर विश्वास इतका, की जुनी चाकं त्याने विकूनही टाकली. उल्मच्या गिऱ्हाईकाने घासाघीस केली नाही. पै-पैशासाठी भांडणारा म्हणून प्रसिद्ध असलेला तिकडचा श्वाबी माणूस आणि घासाघीस नाही, इथेच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती.

शुक्रवारी दोघं तपासणी केंद्रावर गेली. तिथल्या हेमर्लेबाईंनी सही केल्याशिवाय नव्या चाकांवर गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"शेजारी कोण बसतं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. म्हणजे, ही. रविवारी."

"मग बसवा की त्यांना!"

आनेग्रेट बसली. गेरोल्डने स्टिअरिंग पूर्ण वळवलं. खर्रर्र! चाक मडगार्डला घासलं.

"जरा पुढे सरक बघू."

"कुठे, बॉनेटवर?"

"श्वास तरी रोखून धर!"

"माझ्याकडे काय बघतोस? वहीत बघ."

त्याने पाहिलं. छत्री होती, आनेग्रेट नव्हती. बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला.

"बोझेनहार्टसाहेब, ही चाकं नाही चालायची," बाई म्हणाल्या. "जुनी लावून आणा."

"विकली हो," तो कसाबसा म्हणाला. "आनेग्रेट, रविवार गेला गं."

"कुठे जातोय? चाकं माझ्या भावाकडे आहेत, तळघरात, बटाट्यांच्या मागे. घेऊन निघालाय तो."

"पण घेणारा तर..."

"भावाचा शेजारी. अरे, कपाट बनवताना खोलीचं दार मोजायला विसरलास ना, तेव्हापासून तू वही मिटलीस की मी आपली सोय करून ठेवते."

गेरोल्डने पुन्हा वही उघडली, छत्रीच्या वर 'शेजारची सीट' असं लिहिलं आणि अडखळला.

"किती लिहू?"

"आनेग्रेट लिही. आकडा नको."