सर्वमंगळा मॅडम ओळख दाखवत नाहीत

सर्वमंगळा मॅडमचं तोंड म्हणजे बँकेची तिजोरी! निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. म्हैसुरात विद्यापीठातल्या मुलांच्या समुपदेशक म्हणून त्यांचे केस पांढरे झाले, निम्म्या वसतिगृहाने त्यांच्यासमोर बसून टिपं गाळली. पण एकाचंही नाव त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं नव्हतं. नव्या मुलाला त्या पहिल्याच दिवशी बजावत, "बाहेर भेटलो तर मी तुला ओळख दाखवणार नाही. तू आपणहून बोललास तरच बोलेन. राग मानायचा नाही!" त्यामुळे देवराज मार्केटात एखादा ओळखीचा चेहरा दिसला, की मॅडम तडक वांग्यांच्या ढिगात तोंड खुपसत. नवरा म्हणे, "तुझ्याबरोबर भाजी आणायला जायचं म्हणजे फरारी आरोपीबरोबर फिरल्यासारखं वाटतं!"

शेजारच्या खोलीत बसणाऱ्या दुसऱ्या समुपदेशक ग्लॅडिसकडूनही त्यांनी हाच धडा घोटून घेतला होता. "ब्रह्मदेव येऊन विचारू दे, ग्लॅडिस. आपण म्हणायचं, कोण बाई?"

तर एका रविवारी मॅडमच्या थोरल्या बहिणीकडे, विशालाक्षी अक्काकडे, मुलगा यायचा होता. तिच्या एकुलत्या एका लेकीला, स्फूर्तीला बघायला. अक्काने फोन करून करून मॅडमना भंडावून सोडलं. "मंगळा, तू हवीसच! मुलगा तुमच्याच विद्यापीठात शिकलेला. तू नुसतं बघ आणि सांग. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही!"

"पाच मिनिटं पुरेत," मॅडम म्हणाल्या. "माणूस खुर्चीत कसा बसतो, त्यावरून मला सगळं कळतं!"

मुलगा आईबरोबर आत आला, आणि मॅडमच्या हातातली गोड केसरीबातची बशी कलंडली. रक्षित! दोन वर्षं त्यांच्या खोलीत येऊन मन मोकळं केलेला रक्षित! तो काय बोलायचा ते मला विचारू नका. मॅडमनी मलाही सांगितलेलं नाही.

रक्षितने मॅडमना पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मॅडम ओळख दाखवेनात म्हणून तो गप्प, तो बोलेना म्हणून मॅडम गप्प. बसल्या जागी त्यांची नुसती चुळबूळ चालली होती. पदर सारखा कर, चष्मा पूस, पुन्हा पदर!

"तुम्ही विद्यापीठातच ना?" रक्षितच्या आईने विचारलं. "मग आमच्या मुलाला पाहिलं असेल की!"

"विद्यापीठ फार मोठं आहे हो!" मॅडम एवढ्या जोरात बोलल्या, की आतून स्फूर्ती डोकावली.

"मोठी समुपदेशक आहे आमची मंगळा!" अक्काने ऐटीत सांगितलं.

"अगोबाई! म्हणजे डोक्याने बिघडलेल्या पोरांची? आमच्या रक्षितला असलं काही लागलं नाही हो. जन्मापासून हसतमुख!"

हसतमुखाच्या घशात बोंडा अडकला! तो खोकू लागला तशी मॅडमच्या हाताने आपोआप कागदी रुमाल पुढे सरकवले आणि तोंड बोलून गेलं, "सावकाश. आपल्याला घाई नाही." ते ओळखीचे शब्द कानी पडताच रक्षितने सवयीने सोफ्यावरची उशी छातीशी धरली, तिच्यावर हनुवटी टेकली आणि एक लांब सुस्कारा सोडला. थेट मॅडमच्या खोलीतल्यासारखा! आता हा सगळं बोलणार! मॅडमनी झेप घेऊन उशी ओढली. त्याने सोडली नाही. त्यांनी पुन्हा ओढली.

"ढेकूण!" मॅडम किंचाळल्या. "उशीत ढेकूण आहेत!"

अक्काने त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"माझ्या घरात ढेकूण? खरं सांग, मुलात काय खोट आहे?"

"मला काही म्हणायचं नाही."

"पितो?"

"मला काही म्हणायचं नाही."

"कुणी मुलगी आहे?"

"अक्का, मला काही म्हणता येत नाही गं!"

"म्हणता येत नाही! म्हणजे म्हणण्यासारखं आहे तर!"

मुलगा सोन्यासारखा होता. पण तसं म्हटलं तर 'तुला कसं ठाऊक?' हा प्रश्न आलाच, आणि गप्प बसलं तर अक्का त्याला हाकलणार. ज्या गप्प बसण्याची जन्मभर फुशारकी मारली, त्यामुळेच एका भल्या पोराचं लग्न मोडत होतं. त्यांना रडू आलं.

अक्का बाहेर जाऊन गोड हसली. "पत्रिका पुन्हा एकदा दाखवून घेऊ म्हणते."

याचा अर्थ सगळ्यांना कळतो. रक्षितची आई तोंड पाडून उठली.

"थांब, अम्मा," रक्षित म्हणाला. "मॅडम, नमस्कार! मी ओळख दाखवतो. अम्मा, मी दोन वर्षं यांच्याकडे जात होतो. यांच्यामुळे उभा आहे."

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू सगळ्यांना हसतमुख म्हणून सांगायचीस. तुला खोटं पाडवेना."

आई त्याच्याजवळ येऊन बसली. तिने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. अक्काने कॉफी आणली, पण घेणार कोण?

"मला माहीत होतं," दारातून स्फूर्ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?" मॅडम हादरल्या. "मी नाही हं!"

"चिक्कम्मा, मी शेजारी ग्लॅडिस मॅडमकडे यायची. आपल्या मावशीसमोर कसं बोलणार? हा बाहेरच्या बाकावर डोळे पुसत बसायचा. तू पुढच्या मुलाला घेऊन दार लावलंस, की मी यायची. तिथेच ओळख झाली. हे स्थळही मीच सुचवायला लावलं!"

शेवटी रक्षितच्या आईने डोळे टिपले. "माझी हरकत नाही. पण विशालाक्षीबाई, आधी ढेकणांचं औषध मारून घ्या!"

सोमवारी सकाळी मॅडम तरातरा ग्लॅडिसच्या खोलीत शिरल्या. "ग्लॅडिस! माझी भाची इतके दिवस तुझ्याकडे येत होती! अगं, तिचं लग्न ठरलं!"

ग्लॅडिसने खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं.

"अय्या, मॅडम! तुम्हाला भाची आहे?"